आईच्या हाताच्या अंतरावर : तान्ह्या बाळाची सुरक्षित झोप आणि पलंगालगतची कॉट

आपल्या समाजात बाळाच्या स्वागताची पहिली वस्तू म्हणजे पाळणा. बारशाच्या दिवशी तो फुलांनी सजतो, आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि मग तो पाळणा घराच्या आठवणींचा भाग होऊन जातो. गेल्या काही वर्षांत या पाळण्याच्या जोडीला एक नवी वस्तू आली आहे. आईच्या पलंगाला खेटून उभी राहणारी, पलंगाकडची बाजू खाली करता येणारी ही छोटी खाट दुकानांत 'बेडसाइड कॉट' या नावाने मिळते. प्रसूती विभागातून घरी जाणारी कुटुंबे अलीकडे आम्हांला तिच्याविषयी विचारू लागली आहेत. ही कॉट घ्यावी का? घेतली तर कोणती घ्यावी? आणि घेणे परवडत नसेल, तर बाळाची काही गैरसोय होते का?

हे प्रश्न केवळ खरेदीचे नाहीत. तान्हे बाळ दिवसाचे पंधरा-सोळा तास झोपेत असते, आणि त्या तासांत ते स्वतःचे रक्षण करू शकत नाही. नाकावर आलेले दुपटे त्याला बाजूला सारता येत नाही, छातीवर टेकलेली हनुवटी उचलता येत नाही. म्हणून यंदाच्या अहवालातील आरोग्यशिक्षणाच्या पानांसाठी आम्ही हा विषय निवडला आहे. लेखाचे सार आरंभीच सांगतो. बाळाचे अंथरूण किती किमतीचे आहे यावर त्याची सुरक्षितता ठरत नाही. ते सपाट, घट्ट आणि मोकळे आहे का, व आईच्या हाताच्या अंतरावर आहे का, यावर ती ठरते.

उताणी झोप : वैद्यकशास्त्राने उशिरा शिकलेला धडा

वरवर निरोगी दिसणारे बाळ झोपेतच दगावते आणि पूर्ण तपासणीनंतरही कारण सापडत नाही, अशा घटनेला 'आकस्मिक अर्भकमृत्यू' म्हणतात. यांपैकी सुमारे नव्वद टक्के मृत्यू पहिल्या सहा महिन्यांत होतात. त्यातही दुसरा ते चौथा महिना अधिक जोखमीचा असतो. याखेरीज अंथरुणात गुदमरणे, फटीत अडकणे किंवा दोरीचा फास बसणे या दुर्घटना असतात. त्यांची कारणे स्पष्ट असतात आणि त्या टाळता येतात.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून पाश्चात्त्य देशांत बाळाला पालथे झोपवावे असा सल्ला रूढ झाला होता. डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या जगभर खपलेल्या बालसंगोपनाच्या पुस्तकातही १९५० च्या दशकापासून पुढील अनेक आवृत्त्यांत तो आढळतो. उताणे बाळ उलटी झाल्यास गुदमरेल, अशी त्यामागील धारणा होती. प्रत्यक्षात पालथे झोपणाऱ्या बाळांमध्ये आकस्मिक मृत्यूचे प्रमाण कितीतरी अधिक आढळले. नेदरलँड्समध्ये १९८७ पासून, ब्रिटन व न्यूझीलंडमध्ये १९९१ पासून हा सल्ला बदलण्यासाठी लोकशिक्षणाच्या मोहिमा झाल्या. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये नवी शिफारस केली आणि १९९४ मध्ये देशव्यापी मोहीम सुरू झाली. तेथे १९९० मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे अशा मृत्यूंची संख्या सुमारे १३० होती. २०२० मध्ये ती सुमारे ३८ होती. नोंदीच्या पद्धतीतील बदल हेही या घटीचे एक कारण आहे. तरी मोठा वाटा झोपवण्याच्या बदललेल्या पद्धतीचा आहे.

या इतिहासाची दुसरी बाजू चटका लावणारी आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात जुन्या संशोधनाचा पद्धतशीर आढावा घेण्यात आला. पालथ्या झोपेचा धोका दाखवणारा पुरावा १९७० पर्यंतच हाती होता, असे त्यात दिसले. तो वेळीच एकत्र मांडला गेला असता, तर ब्रिटनमध्ये दहा हजारांहून अधिक, आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान पन्नास हजार बाळे वाचू शकली असती, असा त्या संशोधकांचा निष्कर्ष होता. यासाठी महागडे औषध लागणार नव्हते, की मोठे यंत्र लागणार नव्हते. केवळ बाळाला उताणे ठेवायचे होते.

आपल्याकडे पाळण्यात बाळाला उताणे ठेवण्याची रीत जुनीच आहे. तरीही "उताणे झोपवले तर दूध श्वासनलिकेत जाईल," ही शंका वॉर्डातील आजी आम्हांला हमखास विचारतात. शंका मायेपोटी आहे, म्हणून तिचे उत्तर नीट द्यायला हवे. बाळ उताणे असते तेव्हा त्याची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूस असते. वर आलेले दूध श्वासनलिकेत शिरण्यासाठी त्याला वर चढावे लागेल. पालथ्या स्थितीत नेमके उलट होते. श्वासनलिका खाली येते. बाळाला खोकला व गिळण्याची नैसर्गिक क्रियाही संरक्षण देते. दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढावी आणि मग उताणे निजवावे. कुशीवर निजवलेले बाळ सहज पालथे होऊ शकते, म्हणून तीही स्थिती सुरक्षित मानली जात नाही. बाळ स्वतःच दोन्ही बाजूंनी वळू लागले, की निजवताना उताणे ठेवावे. पुढे झोपेत ते आपणहून वळले, तर त्याला पुन्हा पुन्हा सरळ करण्याची गरज नाही. मात्र तेव्हा अंथरूण पूर्ण मोकळे असणे अधिकच आवश्यक होते.

जवळ, पण स्वतंत्र

पहिले किमान सहा महिने बाळाने आईवडिलांच्याच खोलीत, त्यांच्या पलंगाजवळ, पण स्वतःच्या स्वतंत्र अंथरुणावर झोपावे, अशी अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०२२ ची शिफारस आहे. बाळ जवळ असले की आईला त्याची भुकेची चुळबुळ रडण्याआधीच कळते, रात्रीचे स्तनपान सुलभ होते. आणि स्तनपान स्वतःच आकस्मिक अर्भकमृत्यूची जोखीम कमी करते. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या शिशुस्नेही रुग्णालय उपक्रमातही माता व बाळ यांना दिवसरात्र एकत्र ठेवणे ही एक प्रमुख पायरी आहे. बाळ-बाळंतिणीला एकाच खोलीत ठेवणारी आपली परंपरा या बाबतीत शास्त्राच्या बरोबरच आहे.

प्रश्न आहे तो 'स्वतंत्र अंथरूण' या शब्दांचा. आपल्याकडील बहुसंख्य घरांत बाळ आईच्या कुशीत झोपते, आणि त्यासाठी कोणत्याही मातेला बोल लावण्याचा आमचा हेतू नाही. तथापि काही परिस्थितींत एकाच अंथरुणावर झोपणे निश्चितच धोक्याचे आहे, आणि ते स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल किंवा त्याचे जन्मवजन अडीच किलोपेक्षा कमी असेल. आईवडिलांपैकी कोणी धूम्रपान करत असेल. कोणी मद्य अथवा गुंगी आणणारे औषध घेतले असेल. किंवा थकव्याने कोणाला गाढ झोप लागणार असेल, तर बाळाला शेजारी घेऊन झोपू नये. सोफा किंवा आरामखुर्ची तर सर्वांत धोकादायक. बाळाला छातीवर घेऊन तेथे डोळा लागला, तर बाळ गादी आणि शरीर यांच्यामधील खोबणीत घसरते. रात्री पाजताना झोप येईल असे वाटत असेल, तर सोफ्याऐवजी उशा-पांघरुणे दूर केलेला पलंगच बरा. आणि जाग येताच बाळाला त्याच्या जागी ठेवावे.

आईच्या शेजारीच झोपण्याची रीत असलेल्या समाजांपुढे जगभर हाच पेच उभा राहिला आहे. न्यूझीलंडमधील माओरी कुटुंबांचे उदाहरण येथे बोलके आहे. 'शेजारी झोपवू नका' हा उपदेश त्या समाजाला मानवला नाही. तेव्हा २००० च्या दशकाच्या मध्यास डॉ. डेव्हिड टिपेने-लीच आणि माओरी विणकरांनी मिळून वनस्पतीच्या पात्यांची विणलेली एक सपाट टोपली पुढे आणली. तिचे नाव वाहाकुरा. ही टोपली पालकांच्याच अंथरुणावर ठेवायची. बाळ कुशीजवळ राहते, पण त्याची जागा त्याची स्वतःची राहते. २०११ च्या भूकंपानंतर क्राइस्टचर्च परिसरात याच तत्त्वावरील प्लास्टिकच्या पेट्या वाटण्यात आल्या. अशा स्वतंत्र जागांचा प्रसार झाला त्या वर्षांत, २००९ ते २०१५ या काळात, न्यूझीलंडमधील अर्भकमृत्यूंत लक्षणीय घट नोंदली गेली. परंपरा मोडण्याऐवजी तिच्यात सुरक्षिततेची जागा करून देता येते, हा त्यातील बोध. पलंगालगतची कॉट हे याच विचाराचे दुकानात मिळणारे रूप आहे.

या कॉटचा विशेष उपयोग कोणाला होतो, तेही पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार भारतात दर पाच प्रसूतींमागे एकीहून थोड्या अधिक प्रसूती शस्त्रक्रियेने होतात. पोटावर टाके असलेल्या बाळंतिणीला रात्री तीन-चार वेळा उठून, वाकून पाळण्यातून बाळ उचलणे जड जाते. मग ती नाइलाजाने बाळाला पलंगावरच ठेवते आणि तेथेच तिचा डोळा लागतो. कॉट शेजारी असेल तर ती बसल्या जागेवरून बाळाला घेऊ शकते आणि परत ठेवू शकते. परत ठेवणे सोपे होणे, हाच या साधनाचा खरा लाभ आहे.

कॉट निवडताना

१. मानक. भारतात विकल्या जाणाऱ्या कॉटचा दर्जा सारखा नसतो. वेष्टनावर किंवा माहितीपत्रकात युरोपीय मानक 'ईएन ११३०' अथवा अमेरिकी मानक 'एएसटीएम एफ २९०६' यांचा उल्लेख आहे का, ते पाहावे.

२. खाली होणारी बाजू. पलंगाकडची बाजू खाली केल्यावरही बाळाच्या गादीच्या वर थोडा कठडा शिल्लक राहायला हवा. युरोपीय मानकानुसार तो किमान १२० मिलिमीटर, म्हणजे सुमारे पावणेपाच इंच असावा. कठडा अजिबात नसेल, तर बाळ गडगडत मोठ्यांच्या गादीवर जाऊ शकते.

३. गादी. गादी सपाट व घट्ट हवी. तळहाताने दाबून हात उचलावा. गादीने लगेच पूर्ववत व्हावे, खळगा राहू नये. गादी आणि कडा यांच्यात दोन बोटांहून अधिक फट नसावी. कॉटसोबत आलेलीच गादी वापरावी. 'बाळाला टोचेल' म्हणून वरून दुसरी गादी किंवा नव्या पिंजलेल्या कापसाची दुलई घालू नये. आपल्याला जी गादी कडक वाटते, ती बाळासाठी योग्य असते.

४. बाजू. बाजू जाळीच्या असतील तर जाळी ताणलेली व न फाटलेली हवी. लाकडी गज असतील तर दोन गजांमधील अंतर सहा सेंटिमीटरच्या आसपास, त्याहून फार अधिक नसावे. अंतर अधिक असेल तर बाळाचे शरीर सरकून डोके अडकू शकते. कोपऱ्यांवर उंच खुंट्या किंवा नक्षीची टोके नकोत. त्यांत कपडा अडकतो.

५. उतार. काही कॉटचे एका बाजूचे पाय उंच करून गादीला उतार देता येतो, आणि दूध वर येणाऱ्या बाळांसाठी तो उपयुक्त असल्याचे सांगितले जाते. बाळाला झोपवण्यासाठी उतार देऊ नये. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान दुबळी असते. उतारावर हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाचा मार्ग अरुंद होतो. दहा अंशांहून अधिक उताराची झोपण्याची साधने आणि कॉटच्या कडेला बांधायच्या गुबगुबीत गाद्या यांच्या विक्रीवर अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने बंदी घालण्यात आली.

६. जुनी कॉट. नात्यातून आलेला पाळणा किंवा कॉट वापरण्यात आनंद असतो, बचतही असते. ती घेताना सगळे स्क्रू, बिजागऱ्या, पट्टे व कुलपे जागेवर आहेत ना, गादी मध्ये दबलेली नाही ना, हे पाहावे. हरवलेल्या स्क्रूच्या जागी तार किंवा सुतळी बांधलेली कॉट स्वीकारू नये. एक बाजू वरखाली सरकणारे जुन्या धर्तीचे मोठे पाळणे अमेरिकेत २०११ मध्ये बंद करण्यात आले, कारण सैल झालेल्या बाजूच्या फटीत बाळे अडकत होती.

घरी जोडताना

उत्तम कॉटही चुकीची जोडली तर धोक्याची ठरते. कारण धोका कॉटमध्ये नसून कॉट आणि पलंग यांच्या सांध्यात असतो. म्हणून खरेदीआधी आपला पलंग पाहावा. आपल्याकडे सामान ठेवायचे पेटीपलंग पुष्कळ घरांत असतात. त्यांत गादी लाकडी चौकटीत बसवलेली असते आणि बाहेरच्या बाजूस चौकटीचा काठ पुढे येतो. अशा पलंगाला कॉट लावली की कॉट काठाला टेकते, पण गादीपर्यंत पोहोचत नाही, आणि मध्ये चार बोटांची घळ राहते. जोडण्याचा पट्टा फिरवायलाही पेटीखाली जागा नसते. अशा वेळी बाजू खाली न करता, चारही बाजू वर ठेवून कॉट पलंगाशेजारी वापरावी. हात तेवढाच लांबवावा लागतो, पण घळीचा धोका राहत नाही.

पलंग योग्य असेल तर पुढील क्रम ठेवावा. कॉटची उंची अशी लावावी, की खाली केलेल्या बाजूचा वरचा काठ मोठ्यांच्या गादीच्या पृष्ठभागाशी समपातळीत येईल. काठ गादीहून वर आला तर बाळाची मान त्यावर अडकू शकते. मग कॉट गादीला घट्ट भिडवून सोबतचे पट्टे पलंगाच्या पलीकडच्या बाजूस आवळावेत. शेवटी कॉट हाताने जोर लावून पलंगापासून ओढून पाहावी. फट पडली तर जोडणी अपुरी आहे. ती फट टॉवेल, गोधडी किंवा उशी कोंबून कधीही बुजवू नये. कोंबलेली वस्तू रात्रीत सैल होते आणि फटीच्या धोक्यात गुदमरण्याच्या धोक्याची भर पडते. ही तपासणी रोज झोपण्यापूर्वी करावी. गादीवरची चादर बदलताना पलंग हलतो, हे लक्षात ठेवावे. कॉट पलंगाला जोडलेली नसताना तिची बाजू खाली ठेवू नये.

जागेचाही विचार हवा. पडद्याच्या दोऱ्या, मोबाइलच्या चार्जरची वायर, डास पळवण्याचे यंत्र, भिंतीवरील फळी आणि तसबिरी यांपासून कॉट दूर असावी. आईच्या बाजूची उशी व पांघरूण कॉटच्या कडेपासून मागे सारलेले असावे. ओढणी किंवा साडीचा पदर कॉटमध्ये लोंबू देऊ नये.

अंथरुणात काय असावे, काय नसावे

असावे फक्त एवढेच : घट्ट गादी, तिच्यावर चारही बाजूंनी खोचलेली चादर, आणि उताणे बाळ. मेणकापड घालायचे असेल तर ते चादरीखाली ताणून खोचलेले असावे. सुटे प्लास्टिक बाळाच्या चेहऱ्याला चिकटू शकते.

बारशाला मायेने दिल्या जाणाऱ्या संचांत छोटी गादी, उशी आणि दोन लोड असतात. उशी व लोड बाळ जागे असताना, कोणी समोर बसलेले असताना शोभेला ठेवावेत. झोपेच्या वेळी काढून घ्यावेत. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी देण्याची रीत आहे. तिचीही गरज नाही. डोक्याचा आकार नीट राहण्यासाठी बाळाला जागेपणी, आपल्या डोळ्यांदेखत, दिवसातून अनेकदा थोडा थोडा वेळ पालथे ठेवावे आणि निजवताना डोक्याची दिशा आलटून पालटून बदलावी. त्याने मान व खांदेही बळकट होतात.

गळ्यात काळा दोरा, ताईत किंवा साखळी असेल तर झोपताना ती काढावी. दृष्टीचा दोरा घालायचाच असेल, तर गळ्याऐवजी पायात, घट्ट न होईल असा बांधावा. श्रद्धाही राहते आणि फासाचा धोकाही टळतो. मच्छरदाणी जरूर वापरावी, पण ती ताणलेली असावी, बाळाच्या तोंडावर येऊ नये. खोलीत धूर नको. बाजेखाली शेगडी आणि बंद खोलीत धुरी या जुन्या रीतींनी बाळाच्या श्वासाला अपाय होतो. कोंडलेल्या खोलीतील निखाऱ्यांचा विषारी वायू तर वासावरूनही कळत नाही. सिगारेट-बिडीचा धूर हा आकस्मिक अर्भकमृत्यूच्या मोठ्या कारणांपैकी आहे, हे घरातील पुरुषमंडळींना आम्ही विशेष करून सांगतो.

उष्मा हाही दुर्लक्षिलेला धोका आहे. आपल्या हवेत टोपडे, झबले, दुपटे आणि वर गोधडी असे थर बाळाला जाचतात. बाळाच्या मानेला किंवा छातीला हात लावून पाहावा. घाम असेल, त्वचा गरम लागत असेल, तर एक थर काढावा. झोपेत डोक्यावर टोपडे नको. पंखा चालू ठेवण्यास हरकत नाही. फार लहान, कमी वजनाच्या बाळाला ऊब अधिक लागते. त्याबाबत आमच्या परिचारिका प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र सूचना देतात. बाळाला दुपट्यात गुंडाळत असाल, तर ते वळण्याचा प्रयत्न करू लागताच गुंडाळणे थांबवावे.

कॉट केव्हा थांबवावी

पलंगालगतची कॉट ही थोड्या महिन्यांची सोबत आहे. बाळ हात व गुडघ्यांवर उठू लागले, किंवा आधाराविना बसू लागले, की तिचा वापर थांबवावा. बहुतेक बाळांत ही वेळ पाचव्या-सहाव्या महिन्याच्या सुमारास येते. 'अजून मावतो की,' म्हणून ती पुढे चालू ठेवू नये; उठू लागलेले मूल बुटक्या कठड्यावरून सहज पडते. त्यानंतर खोल तळाचा मोठा पाळणा किंवा जमिनीवरील स्वतंत्र गादी वापरावी.

ज्यांना कॉट परवडत नाही

आमच्याकडे येणाऱ्या अनेक कुटुंबांचे सारे घर एका खोलीत असते. त्यांनी कॉटसाठी कर्ज काढू नये. जमिनीवर आईच्या अंथरुणाशेजारी, हातभर अंतरावर, बाळासाठी वेगळी पातळ, घट्ट सतरंजी किंवा घडी घालून ताणलेले जाड कापड अंथरावे. ते भिंतीला खेटून नसावे. बाळ मोठ्या भावंडाच्या शेजारी किंवा दोन मोठ्या माणसांच्या मध्ये नसावे. फिनलंडमध्ये १९३८ पासून गरजू मातांना, आणि १९४९ पासून सर्व मातांना, बाळाचे कपडे व साहित्य भरलेले पुठ्ठ्याचे खोके सरकारकडून दिले जाते. तळाशी छोटी गादी असलेले तेच खोके अनेक बाळांचे पहिले अंथरूण ठरले आहे. सुरक्षित जागा साधी असू शकते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

झोळीविषयी दोन शब्द. शेतात, वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या फडात साडीची झोळी बांधली जाते ती हौसेने नव्हे. मुंग्या, विंचू, साप यांपासून बाळ वाचावे म्हणून. ही निकड आम्ही जाणतो. परंतु झोळीत बाळ वाकते, हनुवटी छातीला लागते आणि कापड तोंडावर येते. म्हणून रात्रीच्या झोपेसाठी झोळी वापरू नये. दिवसा दुसरा मार्गच नसेल, तर डोक्याकडे व पायांकडे आडवी काठी घालून कापड रुंद ताणावे, झोळी जमिनीपासून फार उंच नसावी, बाळाचे तोंड सतत दिसेल असे कोणीतरी जवळ बसावे, आणि मोठ्या मुलांना जोराने झोके देऊ देऊ नये.

श्वास अडखळत असेल, ओठ निळे पडत असतील किंवा बाळ उठवूनही जागे होत नसेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तत्काळ १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

हितचिंतकांना विनंती

बाळाच्या नावाने रुग्णालयाला काही द्यावे, ही आपल्याकडील सुंदर प्रथा आहे. मऊ उशा, रंगीत लोड आणि खेळण्यांमागील भावना आम्हांला मोलाची वाटते; मात्र वरील कारणांमुळे त्या वस्तू आम्ही नवजात बाळांच्या पाळण्यात ठेवत नाही. त्यांऐवजी घट्ट गाद्या, मापाच्या खोचता येणाऱ्या सुती चादरी, ताणलेल्या मच्छरदाण्या यांचा उपयोग प्रत्येक बाळाला होतो. नात्यातील बाळाला भेट द्यायची असेल, तेव्हाही हाच विचार करावा. आणि एखाद्या रात्री बाळंतिणीला सलग चार तास झोप मिळेल असे करावे. बाळाला खांद्यावर घेऊन जागणारी आजी, ढेकर काढून त्याला परत जागेवर निजवणारा बाप, हे त्या कॉटइतकेच मोठे संरक्षण आहे. कारण थकलेल्या आईचा डोळा नको तेथे लागतो.

विश्वस्तांनाही आमचे नम्र निवेदन आहे, की प्रत्येक कुटुंब घरी जाण्यापूर्वी परिचारिकेने दहा मिनिटे बसून हे सारे समजावून सांगावे, ही सेवेची बाब मानली जावी. औषधांच्या चिठ्ठीइतकीच ती दहा मिनिटे महत्त्वाची आहेत. बाळाला उताणे ठेवा, अंथरूण मोकळे ठेवा, आणि ते आपल्या हाताच्या अंतरावर ठेवा, एवढे तीन शब्दसमूह घरातील प्रत्येकाच्या, विशेषतः आजीच्या, तोंडी बसले तर या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.